फोटोपुरतं

ह्यांना जाऊन महिना होत आला, तरी भेटायला येणारी माणसं थांबलेली नाहीत. येतात, खुर्चीच्या टोकावर बसतात, चहा नको म्हणतात आणि घेतात, आणि मग ठरल्यासारखी ह्यांनी काढलेल्या एकाच फोटोबद्दल बोलू लागतात. तो फोटो आमच्या घरात नाही. बाहेर मात्र तो पुष्कळ फिरला. शाळेच्या स्मरणिकेत आला, एका कॅलेंडरवर आला, आणि शोकसभेच्या फ्लेक्सवर तर ह्यांच्या चेहऱ्यापेक्षा मोठा छापला गेला. फोटोत एका गावची विहीर आहे. दलित वस्तीतली एक बाई काठावर उभी राहून पाणी शेंदते आहे. शेजारी सरपंचांनी दोराला हात लावला आहे. मागे बायका भांडी घेऊन उभ्या आहेत. सगळ्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद आहे, की पाहणाऱ्याला वाटावं, या गावात जात नावाची गोष्ट एसटीतून कधी उतरलीच नाही.

शोकसभेत एका निवृत्त मुख्याध्यापकांनी ह्यांना अन्यायाचा साक्षीदार म्हटलं. दुसऱ्या वक्त्याने परदेशातले दाखले दिले. तिकडे काळ्या लोकांवर झालेले जुलूम फोटोग्राफरांनी कसे जगापुढे आणले ते सांगितलं, आणि तीच परंपरा गेवराईच्या बाजारपेठेत, एसटीडी बूथच्या शेजारी, आप्पांच्या, म्हणजे ह्यांच्या, रूपाने अवतरली असं म्हणून ते खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे शोकसभेत कोणाला कळत नाही. थोड्या वाजल्या.

मी बायकांत बसले होते आणि मान खाली घातली होती. लोकांना वाटलं रडते आहे. मला ह्यांच्या फोटोच्या दुकानाचं शटर आठवत होतं. दुकानासमोर दोन मोटारसायकली धडकल्या, की हे लगेच शटर अर्धं खाली ओढत. कोणी विचारलं तर आपण आत होतो, काही पाहिलं नाही. जन्मभर ज्याने साक्ष टाळली, त्याला मेल्यावर साक्षीदार केलं. माणूस उठून नाही म्हणू शकत नाही, याचा लोक फार फायदा घेतात.

मी वाचनालयात नोकरी केली. परदेशातल्या त्या फोटोंबद्दल मीही वाचलं आहे. तिथे सत्ता जे झाकते ते कॅमेऱ्याने उघडं पाडलं, असं पुस्तकं सांगतात. आमच्याकडे कॅमेऱ्याला गाडी पाठवून, मानाने बोलावून नेलं होतं, आणि तेही जे नव्हतं ते दाखवायला. हे मला ऐकून माहीत नाही. मी तिथे होते. थर्माकोलचा तक्ता धरून उन्हात उभी होते.

ते दिवस दारं उघडण्याचे होते. देशाने जगासाठी दारं उघडली असं पेपरात रोज यायचं. आमच्या बाजारात रंगीत टीव्ही आले, गल्लीत केबल आली, आणि ज्या खेड्यांत नळ पोचला नव्हता तिथे पत्र्याच्या टपरीवर काळं थंड पेय बाटलीतून मिळू लागलं. ह्यांच्या धंद्यातही रंग आला. तोवर दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत हे काळेपांढरे फोटो स्वतः धूत. आता रंगीत रोल एसटीच्या पार्सलने औरंगाबादच्या लॅबला जायचा आणि फोटो येईपर्यंत गिऱ्हाईक रोज येऊन डोकावायचं. ह्यांना ते आवडत नसे. काळ्यापांढऱ्यात ह्यांचा हात चालायचा. निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवून हे नवऱ्या मुलींना गोऱ्या करीत. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या सासवांनी सून आधी ह्यांच्या फोटोत पाहिली, आणि ती दारात आली तेव्हा दुसरीच कोणी आली असं त्यांना वाटलं. तक्रार मात्र कोणी केली नाही. उलट धाकट्या मुलासाठी मुलगी पाहायची वेळ आली, की तिचा फोटो आप्पांकडेच काढा असा निरोप यायचा.

तर अशा माणसाकडे गोदेकाठच्या एका गावचे सरपंच आले आणि स्टुलावर बसून म्हणाले,

"आप्पा, एक बाई काळी करून मिळंल का?"

ह्यांना आयुष्यात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी डबा घेऊन आले होते, तीही थांबले. मग सरपंचांनी सगळं समजावून सांगितलं. आदर्श गावाचं बक्षीस निघालं होतं. त्यात स्वच्छता होती, झाडं होती, आणि गावचं पाणी सगळ्या जातींना खुलं असल्याचं एक कलम होतं. झाडं लावलीत असं लिहून भागत होतं. पाण्याला मात्र रंगीत फोटो जोडायचा होता. गावात विहीर होती, ती खुली नव्हती. सरपंचांना ती उघडण्यापेक्षा फोटो काढणं सोपं वाटलं, आणि त्यांच्या जागी कोणालाही वाटलं असतं. त्यांचा बेत असा, की स्वतःच्या भावजयीला जुनं लुगडं नेसवून विहिरीवर उभी करायची. अडचण एवढीच, की भावजय गोरी होती. बक्षीस देणाऱ्या साहेबाला पटायचं नाही.

ह्यांनी सांगितलं, की रंगीत फोटोत पेन्सिल चालत नाही. हे खरं होतं. सरपंच हळहळले. त्यानंतर भावजयीनेच नकार दिल्याचं कळलं. वस्तीतली म्हणून माझा फोटो लागणार असेल तर मी माहेरी जाते, असं ती म्हणाली होती. गावात दुसरं कोणतंही घर बाई द्यायला तयार होईना. शेवटी नाइलाज म्हणून खरी बाई बोलवायचं ठरलं.

त्या विहिरीची रीत अशी होती. वस्तीतल्या बायकांनी काठावर चढायचं नाही. खाली एक फरशी होती, तिच्यापाशी भांडी मांडून बसायचं आणि वर कोणी बाई शेंदायला आली, की म्हणायचं, पाणी वाढा माय. जेवण वाढतात तसं पाणी वाढायचं. वरच्या बाईला घाई असली, राग असला, सासूशी भांडण झालेलं असलं, तर ती वाढत नसे. वस्तीत हातपंप होता, पण तो शिमग्यापासून नुसती हवा टाकत होता. गोदावरी गावातून दिसायची, म्हणजे उन्हाळ्यात तिची वाळू दिसायची, आणि तीही ट्रकांत बसून रोज थोडी थोडी निघून जायची.

फोटोच्या दिवशी सकाळी आम्हाला जीपने नेलं. मला का नेलं, तर रंगीत रोलला उजेड लागतो, विहिरीवर लिंबाची सावली होती, आणि थर्माकोलने ऊन बायकांच्या तोंडावर परतवायचं म्हणजे ते धरायला बाईच हवी. पोचलो तर पारावर सभा बसलेली. गावातले सर्वांत वडीलधारे, ज्यांना सगळे तात्या म्हणत, त्यांनी हरकत घेतली होती. सरपंच त्यांची समजूत घालत होते.

"शिवलं ते शिवलं," तात्या म्हणत होते. "त्याला फोटु काय आन् बिनफोटु काय?"

"तात्या, फोटोपुरतं हाय."

"फोटोपुरतं म्हंजे?"

इथे शाळेतले गुरुजी मदतीला आले. तमाशात राजा मरतो तेव्हा त्याच्या घरी सुतक पाळतात का, असं त्यांनी विचारलं. नाही पाळत. मग सोंगातला मृत्यू जसा मृत्यू नाही, तसा सोंगातला विटाळ हा विटाळ नाही. पारावरच्या लोकांनी माना डोलावल्या. मी पुष्कळ टीका आणि भाष्यं चाळली आहेत, पण शास्त्राचा इतक्या चपळाईने काढलेला अर्थ मी त्याआधी ऐकला नव्हता. एकजण म्हणाला, विटाळ होऊ नये म्हणून बाईनं मनातून पाणी न शेंदता वरवर शेंदावं. दुसरा म्हणाला, ते आपल्याला कसं कळंल. तात्यांना सोंगाचा मुद्दा पटला होता, पण ते हुशार होते. त्यांनी हद्द मागितली.

"ठीक हाय. पन सोंग कवा चालू झालं आन् कवा संपलं, ते कळाया पायजे. न्हाईतर ही बया उंद्याबी सोंगच करीत बसंल."

सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे लेन्स पुसत होते. ह्यांना गर्दीत बोलायची सवय नव्हती. घसा साफ करून हे म्हणाले, "मी 'हलू नका' म्हटलं, की सुरू. 'झालं' म्हटलं, की संपलं."

तात्यांनी मान हलवली. ठरलं.

मी ह्यांच्याकडे पाहतच राहिले. हे कधीही 'झालं' म्हणत नसत. दुसरे फोटोवाले म्हणायचे, हे कधी नाही. ह्यांचं म्हणणं, झालं म्हटलं की माणूस चेहरा उतरवून खुंटीला टांगतो. म्हणून हे 'हलू नका' म्हणायचे, बटण दाबायचे, पुन्हा दाबायचे आणि गुपचूप दुसरीकडे निघून जायचे. लोक आपले उभेच. एका लग्नात वरपक्ष स्टेजवर छाती काढून इतका वेळ उभा राहिला, की खाली पंगती उठल्या, आणि हे तोवर आचाऱ्याशी बोलत बसले होते. हा शब्द ह्यांच्या तोंडात नव्हताच. घरी पोट भरलं तरी ताटावर हात आडवा धरायचे, बोलायचे नाहीत. शेवटच्या आजारपणातही ह्यांनी तो म्हटला नाही. म्हणायचा राहिला, की म्हणायचा नव्हता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग ज्या बाईला बोलावलं होतं ती आली. चाळिशीची असेल. नदीत वाळूचे ट्रक भरायला जायची. तिच्या पाठीचा ताठा तिथलाच होता. वस्तीत तिला सगळे मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. मावशी सरपंचांपेक्षा उंच होती आणि त्यांच्यापेक्षा उजळ होती. सरपंचांनी तिला आधी पाहिलं असणारच, एकाच गावात जन्म गेला होता, पण असं शेजारी उभं राहून पाहिलं नव्हतं. त्यांनी मला हळूच विचारलं, की वैनी, तो पांढरा तक्ता माझ्याकडंबी जरा धरता येईल का.

मावशीला काय करायचं ते सांगितलं. नवीन स्टीलची घागर दिली, कारण कोणाच्या घरची द्यायची तर ती पुन्हा घरात घ्यायला नको. मावशीने घागर हातात फिरवून पाहिली आणि विचारलं,

"पानी न्यायचं, का परत वतायचं?"

याचा कोणी विचारच केला नव्हता. पारावर पुन्हा माना एकमेकांकडे वळल्या. ती पुढे म्हणाली, "न्हाई, लेक बाळंतपनाला आलीय. तिच्या न्हानीला पानी न्हाई. वतायचं आसंल तर तसं सांगा, म्हंजे मी रोजावर जाते."

सरपंच म्हणाले, "ने. फोटोपुरतं ने."

असं सुरू झालं. हे म्हणाले, हलू नका, आणि मावशी त्या विहिरीच्या काठावर पहिल्यांदा चढली. मला वाटलं होतं, काहीतरी होईल. काही झालं नाही. कावळा ओरडला, पण तो आधीपासून ओरडत होता. मावशीने कप्पीवरून दोर सोडला, आत डोकावून पाहिलं आणि सहज म्हणाली, लई खोल न्हाई की. इतकी वर्षं तिने त्या पाण्याची फक्त वरून पडणारी धार पाहिली होती.

खरी अडचण सरपंचांची झाली. त्यांनी दोराला हात लावायचा होता. ते लावत, पण इतक्या लांबून, की दोघांच्या मधून बैलगाडी जावी. हे सारखे सांगत, सरपंच, जवळ या, तुम्ही फोटोत अर्धेच येताय. अर्धं येणं सरपंचांना सोसणारं नव्हतं. ते इंचाइंचाने सरकत होते. विटाळाच्या भीतीपेक्षा फोटोतून कापले जाण्याची भीती मोठी असते, हे मी त्या दिवशी शिकले, आणि नंतरच्या पुढाऱ्यांनी ते कधी खोटं ठरवलं नाही.

मग पाणी ओतताना दिसलं पाहिजे, म्हणून पुन्हा शेंदा. धार नीट आली नाही, पुन्हा. मागची जागा रिकामी दिसते, म्हणून हे म्हणाले, मागं बायका पाहिजेत. सरपंचांनी निरोप धाडला आणि वस्तीतल्या बायका हंडे, कळश्या, डालड्याचे डबे, जे हाताला लागलं ते घेऊन आल्या. फोटो भरलेला दिसू लागला. मावशी शेंदायची आणि त्या भांड्यांत ओतायची. भरलेलं भांडं वस्तीकडे जायचं आणि रिकामं परत यायचं. सरपंच खूश होते. हालचाल दिसते, म्हणाले, जिवंत वाटतंय.

तोच तो फोटो. आनंद म्हणून जो सगळे दाखवतात, तो त्या बायकांच्या चेहऱ्यावर खरा होता, आणि हसण्याचं कारणही खरं होतं. त्या सरपंचांना हसत होत्या.

ऊन चढलं तसे सरपंच आणि पारावरची मंडळी लिंबाखाली चहाला बसली. हे कॅमेरा घेऊन माझ्याजवळ आले आणि त्यांनी कॅमेऱ्याच्या डोक्यावरची छोटी दांडी बाहेर काढून गोल गोल फिरवली. तो आवाज मला ओळखीचा होता. रोल संपला, की तो डबीत परत गुंडाळताना असा आवाज येतो. आता कॅमेरा रिकामा होता. मी थर्माकोल खाली ठेवला.

मावशीने दोर खाली ठेवला नाही. ती शेंदतच होती. मागच्या बायकांनी आता रांग सोडून घोळका केला होता आणि दोघी काठावर चढल्या होत्या. तात्यांचा चहा बशीतच राहिला.

"ए, बास की आता," ते ओरडले.

मावशीने घागर वर ओढली, ओतली, पुन्हा सोडली, आणि मान न वळवता म्हणाली, "फोटुवाल्यानं झालं म्हनलं न्हाई."

सगळं गाव ह्यांच्याकडे पाहू लागलं. एका बाजूला पारावरची माणसं, दुसऱ्या बाजूला काठावरच्या बायका, हातात रिकामे हंडे. मला ह्यांच्या मानेवरचा घाम दिसत होता. एक शब्द म्हणायचा होता. म्हटला असता, तर आम्ही जीपमध्ये बसून दुपारच्या जेवणाला घरी पोचलो असतो आणि त्या बायका खाली फरशीपाशी बसल्या असत्या.

ह्यांनी रिकामा कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणाले, "हलू नका."

मग हे बटण दाबत राहिले. विहिरीभोवती फिरले, गुडघ्यावर बसले, पारावर चढून वरून काढले. खट्, दांडी ओढायची, पुन्हा खट्. लिंबाखाली बसलेल्यांकडेही एकदा वळले, तेव्हा सरपंचांनी टोपी सारखी केली आणि तात्यांनीसुद्धा मिशीवरून हात फिरवला. बायका भरत राहिल्या. वस्तीतलं शेवटचं भांडं भरेपर्यंत हे रोलशिवाय फोटो काढत होते. त्या दिवशीचे खरे फोटो ते. एकाही फोटोत सरपंचांचा हात नव्हता, थर्माकोलचा खोटा उजेड नव्हता, बायका आपलं पाणी आपण शेंदत होत्या. ते सगळे फोटो त्या रिकाम्या कॅमेऱ्यात आहेत. कॅलेंडरवर छापायला मिळायचे नाहीत.

भांडी संपली तेव्हा ह्यांनी कॅमेरा पिशवीत घातला आणि कोणाशी न बोलता जीपमध्ये जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी विहिरीवर गेली. तात्यांनी अडवलं. तिने तेच उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशी तिच्यासोबत आणखी बायका होत्या. पारावर पुन्हा सभा भरली. मारझोड करायची तर बक्षिसाची समिती केव्हाही येईल, म्हणून सरपंचांचे हात बांधलेले होते. शिवाय अट गावाने स्वतःच घातली होती, आणि आमच्या भागातली माणसं स्वतः घातलेल्या अटीला फार मानतात, विशेषतः तिचा अर्थ कळण्याआधी. सरपंचांना एकच सरळ मार्ग दिसला. ते दुकानात आले.

"आप्पा, गावात चला आन् झालं म्हना."

हे म्हणाले, फोटो लॅबमधून आलेले नाहीत. एखादा हललेला निघाला, तर पुन्हा काढावा लागेल. मग आत्ता झालं कसं म्हणू? सरपंच पुन्हा आले. हे म्हणाले, लॅबचं मशीन बंद आहे. पुढच्या खेपेला सरपंचांनी दम भरला. गावातलं एकही लग्न तुम्हाला मिळणार नाही, असं म्हणाले. हे नुसते हो म्हणाले. बोलताना हे काउंटरची काच पुसत होते, आणि ती आधीच स्वच्छ होती.

मग एका बाजाराच्या दिवशी मावशी आली. मी दुकानात बसले होते. मी खुर्ची पुढे केली, ती बसली आणि पदराने वारा घेऊ लागली.

"आप्पा, तुमच्यावर लई दाब आलाय म्हनं."

"हां, येतायत सरपंच."

"मंग म्हननार का?"

"फोटो यायचेत अजून."

मावशीने काउंटरवर पाहिलं. तिथे लॅबचं पिवळं पाकीट होतं, वरच गावाचं नाव लिहिलेलं.

"आलेत की. त्या पाकिटात दिसायलेत."

ह्यांनी पाकीट उचललं, ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर बंद केला.

"आले नाहीत," हे म्हणाले.

मावशीने पदर सारखा केला. मग उठली. लेकीला मुलगी झाल्याचं तिने मला सांगितलं, रोज आंघोळ घालते, म्हणाली, आणि गेली. आभार वगैरे तिने मानले नाहीत. कशाचे मानायचे? ह्यांनी तिला काही दिलं नव्हतं, एक शब्द फक्त म्हटला नव्हता.

याला धैर्य म्हणावं का, यावर मी आता एकटीच विचार करत बसते. शोकसभेतल्या लोकांनी म्हटलंच आहे. मला ह्यांच्यासोबत जास्त वर्षं काढावी लागली, म्हणून मी घाईने म्हणत नाही. भित्रा माणूस ज्याची भीती जास्त वाटते त्याचं ऐकतो. त्या उन्हाळ्यात ह्यांना सरपंचांपेक्षा मावशीची भीती जास्त वाटली असावी. किंवा एवढंच असेल, की जो शब्द कधी वापरला नाही तो कोणाच्या सांगण्यावरून वापरायला ह्यांना कसंतरी वाटलं. मी विचारलं असतं तर हे म्हणाले असते, तू पुस्तकं फार वाचतेस.

शेवटी फोटो द्यावे लागलेच, अर्जाची मुदत संपत आली होती. ह्यांनी दिले, आणि देताना म्हणाले की हे बरे आहेत, पण अजून चांगला निघू शकतो. सरपंचांनी फोटो पाहिले आणि मूळ विषय विसरून गेले. फोटोत सगळ्यांत काळे तेच आले होते. हे जरा उजळ होईल का, असं त्यांनी विचारलं. ह्यांनी पुन्हा सांगितलं, रंगीत फोटोत पेन्सिल चालत नाही.

बक्षीस मिळालं नाही. समिती आली तेव्हा विहिरीवर खरोखरच वस्तीतल्या बायका पाणी शेंदत होत्या, पण तो काही निकष नव्हता. दुसऱ्या एका गावाच्या फोटोत घागर पितळी होती आणि मागे कमान होती.

बक्षीस गेल्यावर काय होईल, याची मला काळजी होती. आता सरपंचांचे हात मोकळे झाले होते. पण तोवर दुसरंच काही घडलं. तात्यांनी त्या विहिरीचं पाणी सोडलं आणि दारात बोअर घेतलं. त्यांच्यापाठोपाठ सरपंचांनी घेतलं, मग गुरुजींनी. दक्षिणेकडच्या नंबर प्लेटच्या बोअर खणायच्या गाड्या तेव्हा गावोगाव फिरत होत्या. धुरळा उडवत जमिनीत भोक पाडायचं आणि आपापल्या घरापुरतं पाणी काढायचं, हा नवा सोयीचा धर्म होता. त्यात शिवाशिवीचा प्रश्नच नव्हता. विहीर मोकळी पडली. पाणी सर्वांना खुलं झालं ते असं, की ज्यांचं होतं त्यांनी ते टाकलं. मावशीने काठावरचं गवत काढलं, कप्पीला तेल घातलं, आणि त्यानंतर तिला कोणी काही विचारलं नाही.

पुढे काही वर्षांनी मोठा दुष्काळ पडला. बोअर एकेक करून आटली, मग विहीरही आटली. सरकारी टँकर सुरू झाला. टँकरमधलं पाणी ओतायला गावात एकच जागा होती, ती विहीर. नवे सरपंच निवडून आले होते, तेही तात्यांच्याच वरच्या आळीतले, आणि त्यांना टँकरचं उद्घाटन करायचं होतं. ह्यांना त्यासाठी बोलावलं. त्या गावातून इतक्या वर्षांनी ते पहिलंच बोलावणं.

संध्याकाळी हे परत आले, पाय धुतले, आणि मी वाढत असताना सांगू लागले. नारळ फुटला, हार घातला, टँकरचा पाइप विहिरीत सोडला, आणि मग कोणी कोणाला आवरेना. वरच्या आळीच्या बायका, वस्तीतल्या बायका, सगळ्या एकदम काठावर. दोरात दोर अडकले. एकीच्या घागरीने दुसरीचा हंडा फुटला. जुन्या सरपंचांची भावजय, ती गोरी, मावशीच्या पायावर उभी होती.

"मावशी म्हणाली, सर की बाई, पाय तुडवायलीस माझा. तर ती म्हणाली, तूच सर, कवाचं शेंदायलीस."

"मग?"

"मग काय, दोघी सरल्या थोड्या थोड्या. भांडत भांडत भरून घेतलं."

मी भाकरी हातात घेऊन तशीच उभी राहिले. परातीजवळ, चुलीच्या उजेडात, मला ते सगळं दिसत होतं. शिवलं का, कोणी शिवलं, कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. कोणी परवानगी दिली नव्हती आणि कोणी मागितलीही नव्हती. मी विचारलं, "तुम्ही फोटो काढला?"

"काढला की. टँकरचा."

"अहो, बायकांचा?"

हे जेवत होते. घास खाली गेल्यावर म्हणाले, "भांडत होत्या सगळ्या. तोंडं वाकडीतिकडी. चांगला आला नसता."

टँकरचा फोटो मी आता कपाटातून काढून पाहिला. उजेड छान आहे. हार घातलेला टँकर मधोमध आला आहे, नंबर प्लेटसुद्धा वाचता येते. फोटोच्या एका कडेला, अगदी कापता कापता राहिलेला, एक ओला दोर दिसतो.